चाकं थांबतात तिथून

तुमच्या एका हातात फिरकीचा तांब्या आहे आणि काखेत वळकटी. साल १९३६. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. बोरीबंदरच्या फलाटावर सकाळी सातलाच सदरा पाठीला चिकटलाय. परीक्षा आटोपलीय, निकाल लागायला अवकाश आहे आणि घरातून परवानगी मिळालीय ती चारच दिवसांची. चौथ्या दिवशी दिवेलागणीला गिरगावातल्या चाळीत हजर व्हायचं आहे. बाकीचे तिघे तुमच्याआधी पोचलेत. एकाकडे स्टोव्ह आहे, दुसऱ्याकडे शिध्याची पिशवी आणि तिसऱ्याकडे, तो हिशेबाला पक्का म्हणून, सगळ्यांचे पैसे.

“तांब्या भरलास ना?”

“काठोकाठ.”

गाडी हलते. पुढे विजेचं इंजिन आहे. पुण्यापर्यंतचा हा मार्ग विजेवर आल्याला सहा-सात वर्षं झाली, तरी ठाण्याच्या पुढे खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याच्याकडे बघायची हौस अजून फिटलेली नाही. कल्याण मागे पडतं आणि उजव्या हाताला डोंगर जवळ येऊ लागतात. आधी चंदेरीचा सुळका, मग पेबचा किल्ला. पेबच्या मागे एक लांबलचक, माथ्यावर सपाट आणि गर्द हिरवा डोंगर दिसतो. सगळा मुलूख उन्हानं पिवळा पडलेला असताना तेवढाच हिरवा. तुम्हाला तिथेच जायचं आहे, माथेरानला.

नेरळला उतरून तुम्ही छोट्या गाडीकडे धावता. रुळांमधलं अंतर दोन फूट. डबे इतके बुटके की आत वाकूनच शिरावं लागतं. पुढे जर्मनीहून आणलेलं काळं, ठेंगणं इंजिन वाफ सोडत उभं आहे. समोरच्या बाकावर एक पोक्त गृहस्थ बसलेत. ते दर उन्हाळ्यात येतात आणि ही गाडी जणू त्यांच्या घरची असल्यासारखी तिची ओळख करून देतात. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी लाइन बांधली. १९०४ साली काम सुरू झालं, १९०७ च्या मार्चमध्ये गाडी वर पोचली आणि सोळा लाख रुपये लागले. ही गोष्ट ते अगदी खालच्या आवाजात, देवळातली गोष्ट सांगावी तशी सांगतात.

मग चढ लागतो. वीस फूट पुढे जावं तेव्हा एक फूट वर, असा चढ. लाइन इतकी वळते की खिडकीतून स्वतःच्याच गाडीची शेपटी दिसते. डब्याडब्यावर ब्रेक सांभाळणारी माणसं उभी आहेत. उतार आला की त्यांचे दंड ताठ होतात. जुम्मापट्टी गेलं. पुढच्या एका वळणावर तुमच्यातला एक जण चक्क खाली उतरतो, जाळीतली करवंदं ओंजळभर तोडतो आणि पुढच्या डब्यामागून धावत येऊन पुन्हा चढतो. हात खरचटलाय, ओठ जांभळे झालेत. तुम्ही त्याच्या ओंजळीतलं एक करवंद तोंडात टाकता. आधी चीक लागतो, मग आंबट आणि अगदी शेवटी गोड.

‘वॉटर पाइप’ स्टेशनात इंजिन पाणी पितं. इथे तुमच्या लक्षात येतं की पाठीला चिकटलेला सदरा केव्हाच सुटलाय.

वर पोचलात की पहिल्यांदा शांतता कानाला लागते. मुंबईत ट्राम आहे, मोटारी आहेत, व्हिक्टोरियांच्या टापा आहेत. इथे इंजिनानं शेवटचा सुस्कारा सोडला की चाकांचा आवाज जवळजवळ संपतो. मोटार इथे नाहीच. श्रीमंतांना बंगल्यावर नेणाऱ्या हातरिक्षा तेवढ्या आहेत. चढावर त्या ओढणाऱ्या माणसांच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या तटतटतात. पैसे सांभाळणारा मित्र रिक्षांकडे बघतो, मग तुमच्याकडे. कुणी काही बोलत नाही. चौघेही वळकट्या खांद्यावर टाकून चालू लागता.

पायाखाली माती लाल आहे. नुसती लाल नाही, कुंकू सांडल्यासारखी. जांभ्याच्या दगडाची ही माती चपलेच्या कडेनं वर चढते, बोटांच्या बेचक्यांत बसते आणि धोतराचा काठ रंगवते. डोक्यावर जांभूळ, हिरडा आणि अंजनी यांच्या फांद्या एकमेकींत गुंतल्यात. ऊन खाली पोचतं ते चवल्या-पावल्यांएवढ्या कवडशांनी. समुद्रसपाटीपासून तुम्ही अडीच हजार फुटांच्या वर आहात, पण गारवा नुसत्या उंचीचा नाही. तो या छताचाही आहे. छताबाहेर एखाद्या कड्यावर जाऊन उभे राहा, तिथलं ऊन मुंबईसारखंच चावतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्हाला एक शीळ जागं करते. वाटतं, कुणी मुलगा सूर आठवत आठवत शीळ घालतोय. एक ओळ नीट येते, मग तो विसरतो, थांबतो, पुन्हा भलतीकडूनच सुरुवात करतो. तो शीळकस्तूर आहे, पावसाआधी गाऊ लागणारा पक्षी. कंदील घेऊन चौघे बाहेर पडता. पॅनोरमा पॉइंट बाजारापासून तासाभराहून अधिक लांब आहे. वाट कधी रुळांच्या जोडीनं जाते, कधी कड्याच्या काठानं. सुरुवातीला सगळे बोलत असता. एक जण अत्र्यांच्या ‘साष्टांग नमस्कार’ नाटकातल्या नकला करतो, तुम्ही हसून हसून वाट चुकता, परत येता. मग हळूहळू बोलणं कमी होतं. चार माणसांच्या पावलांचा एकच ठेका धरला जातो. मैत्रीत याहून जवळची जागा असेल असं तुम्हाला त्या क्षणी वाटत नाही.

कड्यावर पोचता तेव्हा पूर्व फटफटलेली असते. खाली नेरळ, उल्हास नदीचं आटलेलं पात्र, सकाळचा धूर धरलेली खेडी. समोर भीमाशंकरची रांग, आणि तिच्या डावीकडे धूसर असा सिद्धगड. तुमच्या मित्रांना तो नुसता एक डोंगर दिसतो. तुम्ही पुढच्या काळातून आलात म्हणून तुम्हाला माहीत आहे. याच माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मला. आज तो तेवीस वर्षांचा आहे, तुमच्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठा. बेचाळीसच्या लढ्यात लोक त्याला भाई कोतवाल म्हणतील. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे त्याचं ‘आझाद दस्ता’ हे पथक पाडील आणि २ जानेवारी १९४३ रोजी त्या समोरच्या सिद्धगडावर तो पोलिसांच्या गोळ्यांनी पडेल. तुम्ही तो डोंगर बराच वेळ बघत राहता.

“काय बघतोस रे इतकं?” मित्र विचारतो.

“काही नाही. ऊन कसं उतरतंय ते.”

आणि खरंच, ऊन उतरत असतं. आधी सिद्धगडाचा माथा, मग खांदा, मग पायथ्याची गावं. ज्याला सुट्टी नावाची चीज क्वचितच मिळाली त्या माणसाच्या गावात तुम्ही चार दिवसांची सुट्टी घालवत आहात. हे ओझं नाही. पण हे ठाऊक झाल्यावर तुम्ही पाऊल थोडं जपून टाकता.

दुपार बागेची. तुम्ही ज्या बंगल्याच्या मागच्या खोल्या घेतल्यात, त्याच्यापुढे बाग आहे. सोनचाफा, अनंत, मोगऱ्याचे ताटवे आणि कठड्यावर कुंड्यांमधून नेच्यांची रांग. म्हातारा माळी उकिडवा बसून अनंताच्या बुडाशी काहीतरी करतोय. तुम्ही जवळ जाऊन बसता. तो जंगलातला सुका पालापाचोळा टोपलीतून काढून झाडाच्या आळ्यात दाबून बसवत असतो, एकावर एक थर, वर थोडी माती.

“आजोबा, पाणी नाही घालत?”

“घालतो की. पण आधी पांघरूण, मग पाणी.” तो एक मूठ पाला बाजूला करून खालची माती दाखवतो. वरची माती विटेसारखी कोरडी आहे, पाल्याखालची बोटाला ओली लागते. “पावसाळ्यात इथं आभाळ फाटतं, बाळा. पण हा दगड पाणी धरत नाही. चाळणीसारखा गळतो. पाऊस थांबला की पाणी गेलं खाली. मग आम्ही काय करायचं? जे रान करतं, तेच करायचं.”

तुम्ही मान वर करून रानाकडे बघता. वर्षाला दोनशे इंचांहून जास्त पाऊस या माथ्यावर कोसळतो, आणि मे महिन्यात घागरीघागरीचा हिशेब करावा लागतो. तरी ही झाडं हिरवी आहेत. शेकडो वर्षांचा स्वतःचाच पाला त्यांनी पायाशी अंथरलाय. डोंगरावरची ती हिरवी टोपी खालून गाडीतून दिसली होती, तिचं गुपित या म्हाताऱ्याच्या मुठीत आहे. तो तुमच्या अंघोळीचं पाणीही मागतो. संध्याकाळी तुम्ही चौघे बादल्या नेऊन त्याच्या आळ्यांत ओतता. अनंताची एक कळी त्यानं तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते.

तिसऱ्या दिवशी शार्लट तलावाच्या काठानं पिसारनाथाच्या देवळात जाता. गाभाऱ्यात वाकल्यावर कपाळाला गार दगड लागतो. तलावाचं पाणी तळाला गेलंय, पण तांब्यात भरून घेता. तिथून वन ट्री हिलकडची वाट. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट खालच्या चौकहून असाच चढून वर आला आणि इथल्या गारव्यानं थक्क झाला, म्हणून हे गिरिस्थान वसलं. पण कड्यावरून खाली उतरणारी शिवाजीची शिडी नावाची पायवाट पाहिली की कळतं, हा डोंगर हरवलेला कधी नव्हताच. त्या वाटेनं एक ठाकर बाई डोक्यावर जांभळांची पाटी घेऊन चढून येते. तिच्या श्वासाची लय सुद्धा बदललेली नाही. पानाच्या द्रोणात ती तुम्हाला जांभळं देते, वर आणखी चार घालते आणि विचारते, “कुठलं रं तुमी?”

“मुंबईचे.”

“लांब आलात की,” ती म्हणते आणि पाटी उचलून पुढे जाते. रोज अख्खा डोंगर चढणाऱ्या बाईनं रेल्वेनं आलेल्यांना असं म्हणावं, यानं तुम्हाला भरून येतं.

दुपारी चारला आभाळ काळवंडतं. वळवाचा पाऊस येतो, टपोरा, अर्धा तासभर. मातीचा वास असा उठतो की चौघेही ओसरीवर गप्प उभे राहता. रात्री पाऊस थांबल्यावर माळी हाक मारतो, “कंदील विझवा अन् बाहेर या.”

तुम्ही विझवता. आधी काहीच दिसत नाही. मग बागेच्या कडेच्या जांभळीवर एक ठिणगी, दोन, दहा. आणि एकाएकी अख्खं झाड उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं. काजवे. हजारो काजवे एकाच तालावर. शेजारचं झाड त्याला उत्तर देतं. तुमच्यातला गाणारा मित्रही गात नाही. हिशेब ठेवणारा हलकेच म्हणतो, “उद्या जायचंय, खरं वाटत नाही. महिना झाल्यासारखं वाटतंय.”

तुम्हालाही तसंच वाटतं, आणि याच वाक्यासाठी तुम्ही इतक्या लांबून आलात. दिवस तीनच गेलेत. पण प्रत्येक मैल पायांनी मोजलाय, प्रत्येक वळणावर कुणीतरी काहीतरी बोललंय, प्रत्येक तहानेला एका ठरावीक ठिकाणचं पाणी आहे. पायी चाललेल्या दिवसात इतकं मावतं की तो लहान राहूच शकत नाही.

चौथ्या दिवशी पैसे वाचवायला गाडी सोडता आणि घोड्यांच्या जुन्या रस्त्यानं नेरळपर्यंतची सात-आठ मैलांची उतरण पायी करता. जसजसे खाली येता, सदरा पाठीला पुन्हा चिकटू लागतो. नेरळच्या फलाटावर तांब्याची फिरकी उघडता. शार्लट तलावाचं पाणी, अजून गार. चौघांत एकेक घोट.

डोळे उघडा.

तुम्ही माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर आहात, आजच्या. मागे मोटारींची रांग उभी आहे, कारण याच्यापुढे खासगी मोटार आजही जात नाही. २००३ साली केंद्र सरकारनं हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, आणि लाल मातीवरचं हे छत अजून बऱ्यापैकी शाबूत आहे. ते आपोआप टिकलेलं नाही. पाला अंथरणाऱ्या हातांनी, ओझी वाहणाऱ्या खांद्यांनी आणि चाकांना नको म्हणणाऱ्या माणसांनी ते टिकवलंय. म्हणून इथे येताना बाटली परत न्या, फांदी मोडू नका, आणि जमेल तेवढं चाला.

खिशातला फोन काढा. तुमच्या आजच्या तिघा मित्रांना, जे आता तीन वेगवेगळ्या शहरांत आहेत, एकच ओळ लिहा: चार दिवस काढा, पुष्कळ होतात.

मग बूट झटकू नका. ती माती तशीच घरी जाऊ द्या.