श्वासाची वाट

1878 चा जुलै. तुम्ही पाथर्डीत ओट्यावर बसला आहात आणि तुमच्या जिभेच्या मुळाशी गाठ आहे. दुष्काळ कसाबसा निघाला, पण आता भाकरी असूनही ती गिळवत नाही. क्लोरोफॉर्म निघून तीस वर्षं झालीत, तेव्हा अडचण वेदनेची नाही. सर्जनला जिथे सुरी चालवायचीय, तिथूनच तुम्हाला श्वास घ्यायचाय, आणि रक्त सुटलं की तेही त्याच वाटेनं फुप्फुसात उतरणार. जर्मनीत ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1871 मध्ये तोड काढलीय: गळ्याला खालून भोक पाडायचं आणि फुगा लावलेली नळी घालायची. पण गळा कापून घ्यायला कोण तयार होईल?

चला, थेट ग्लासगोला. तारीख 5. आता तुम्ही गिलावा करणारे कारागीर आहात, वय 55. सर्जन विल्यम मॅकेवन तुमच्या तोंडात बोट घालून, त्याच्याच आधारानं नळी श्वासनलिकेत सरकवतात. तुम्ही पूर्ण जागे! ठसका लागतो, डोळे वाहतात, तरी तुम्ही हलत नाही; ही तालीम आधी झालेली आहे. मग त्या नळीतूनच क्लोरोफॉर्म. रक्त खाली जाऊ नये म्हणून घशात नळीभोवती स्पंज ठासलेला. गाठ निघते, गळ्याला छेद न देता. नाव मॅकेवन यांचं झालं. माझ्या लेखी त्या दिवशीचा शूर माणूस टेबलावर होता.

आता आजचं नगर, ऑपरेशन थिएटर. सहसा भूल आधी, नळी नंतर. स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेसाठीची नळी आतून जेमतेम 5 मिलिमीटर, टोकाशी फुगा. लेसर वापरायचा असेल तर सहज न पेटणारी नळी घेतात आणि फुग्यात हवेऐवजी निळं केलेलं पाणी भरतात. फुगा फुटला की निळा रंग लगेच दिसतो. ऑक्सिजनही मुद्दाम कमी ठेवतात, कारण तो जास्त झाला तर घशातच भडका उडू शकतो. नळीचीही अडचण होत असेल, तर बारीक तोटीतून श्वासाचे झोत सोडतात.

भूलतज्ज्ञ भेटायला येतील तेव्हा हलणारा दात, घोरणं, तंबाखू, काहीही लपवू नका. आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर मोहटादेवीचं नवरात्र उरकून ऊसतोडीला निघण्याआधी घसा दाखवून घ्या.