पन्हाळ्याखालचा हबशी सेनापती

आषाढ पौर्णिमा जवळ आली की फोनवर पावनखिंडीची रील्स सुरू होतात. पाऊस, चिखल, बाजीप्रभू. भोरकडच्या माणसाला हे घरचंच वाटतं, कारण बाजीप्रभू शिंदचे आणि बांदल इथल्याच हिरडस मावळचे देशमुख. पण ज्याच्या वेढ्यातून महाराज निसटले तो सिद्दी जौहर? तो रीलमध्ये चार सेकंद दिसतो, डोळे वटारतो आणि संपतो.

सिद्दी म्हणजे हबशी, हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा. तिकडची मुलं गुलाम म्हणून विकली जात आणि समुद्रावरून दख्खनला येत. इथे त्यांना वर चढायला एक वाट होती, ती म्हणजे तलवार. मलिक अंबर तिच्यावरूनच निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. जौहरनेही धनी वारल्यावर कुर्नूलचा मुलूख स्वतःच ताब्यात घेतला. विजापूरच्या लेखी तो बंडखोर. पण अफझलखान पडला, पन्हाळा गेला, आणि आदिलशहाला याच बंडखोराची गरज भासली. माफी मिळाली, 'सलाबतखान' किताब मिळाला आणि १६६० च्या मार्चमध्ये त्याने पन्हाळ्याला वेढा घातला.

आणि वेढा कसला! बापाचा सूड घ्यायला आलेला फाजलखान त्याच्या हाताखाली. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन मदतीला. पावसाळा लागला तरी जौहर हलला नाही. बाहेरून नेताजी पालकरांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला, तोही त्याने उधळला. त्या वेळी नेताजींसोबत सिद्दी हिलाल होता, म्हणजे स्वराज्याच्या बाजूचा हबशी. त्याचा मुलगा वाहवाह लढता लढता जखमी होऊन जौहरच्या हाती सापडला. दोन्ही बाजूंना हबशी होते, हे शाळेच्या पुस्तकात मला तरी कधी दिसलं नाही.

जौहर फसला तो बोलण्यात. शरण येण्याची भाषा झाली, पहारा सैलावला आणि १२ जुलैच्या रात्री महाराज निघाले. पाठलागाला जौहरने सिद्दी मसूदला धाडलं. पुढे घोडखिंडीत बांदलांनी काय केलं ते भोरमध्ये सांगायला नको. जेध्यांचा पहिल्या पानाचा मान त्यानंतर बांदलांना मिळाला, असं सांगतात. त्याच कारीच्या जेध्यांच्या शकावलीतही या लढाईची नोंद आहे.

महाराज विशाळगडावरून पुढे राजगडी पोचले. जौहर मात्र पन्हाळ्याखालीच होता. सप्टेंबरमध्ये गड तहाने विजापूरकडे गेला, म्हणजे कागदोपत्री मोहीम फत्ते. तरी दरबारात कुजबूज झाली, की पैसे खाऊन सोडलं शिवाजीला. चार महिने पावसात बसलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. जौहर कुर्नूलला परतला, पुन्हा बंडखोर ठरला आणि थोड्याच काळात, त्याच आदिलशहाचा शत्रू म्हणून, मेला.