पिंजरा, लळा आणि कायदा : महाराष्ट्रातील पोपटपालनाचा ऐतिहासिक आढावा
(विशेष संदर्भ : करडा आफ्रिकी पोपट)

सारांश :
मराठी समाजात पोपट पाळण्याची प्रथा फार जुनी आहे. संतवाङ्मय, कथावाङ्मय आणि जात्यावरील ओव्या यांत तिच्या खुणा आढळतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस कायद्याने देशी पोपटाच्या व्यापारावर पूर्ण बंदी घातली आणि त्यानंतर शहरी घरांतील पिंजऱ्यात विदेशी पक्षी, विशेषतः मध्य व पश्चिम आफ्रिकेतील करडा पोपट, दिसू लागला. माणूस आणि हा पक्षी यांच्यातील लळा कशातून निर्माण होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : राघू, करडा पोपट, शुकनलिका, वन्यजीव संरक्षण, सायटीस.

प्रस्तावना :
रायगड जिल्ह्यात पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नागोठण्याच्या अलीकडे कासू हे स्थानक लागते. हा सारा पट्टा भातशेतीचा आहे. भात पिकू लागले की राघूंचे थवे शेतांवर उतरतात आणि राखणीसाठी गोफण, बुजगावणे, पत्र्याचे डबे यांचा उपयोग केला जातो, हे कोकणातील परिचित चित्र होय. शेतात ज्याला हाकलले जाते, त्याच पक्ष्याला ओटीवरच्या पिंजऱ्यात लाडाने पेरूची फोड दिली जात असे. एकाच पक्ष्याविषयीच्या या दोन वर्तनांत मराठी माणसाच्या पोपटाशी असलेल्या नात्याची गुंतागुंत दिसून येते. ही गुंतागुंत समजून घेतल्याशिवाय आजच्या काळातील करड्या पोपटाच्या पालनाचा प्रश्नही नीट समजत नाही. म्हणून प्रथम देशी पोपटाच्या परंपरेचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते.

वाङ्मयीन परंपरेतील शुक :
वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांमध्ये पोपट व मैना यांना बोलावयास शिकविण्याच्या कलेचा समावेश आहे. पोपटाला बोलके करणे हे नागरसंस्कृतीत सुसंस्कृतपणाचे लक्षण मानले जात होते, असे यावरून म्हणता येते. संस्कृतातील शुकसप्ततीत पोपट स्वतःच कथाकार आहे. घरधनी परगावी गेला असता त्याच्या पत्नीला रोज रात्री एक गोष्ट सांगून तो घराबाहेर पडण्यापासून परावृत्त करतो. हा ग्रंथ मराठीत 'शुकबहात्तरी' या नावाने आला. येथे पोपट हा घरातील विश्वासू आप्त आहे. संतवाङ्मयात वारंवार उल्लेखिल्या जाणाऱ्या गणिकेच्या कथेतही पोपटाला रामनाम शिकविता शिकविता तिचाच उद्धार झाला, असे सांगितले जाते. पक्ष्याला शिकविणारा माणूस स्वतःही बदलतो, हा त्या कथेचा आशय लक्षणीय आहे.

याच परंपरेची दुसरी बाजू ज्ञानेश्वरीत (इ. स. १२९०) दिसते. सहाव्या अध्यायात ज्ञानेश्वरांनी शुकनलिकेचा दृष्टान्त योजला आहे. दोरीत ओवलेली पोकळ नळी पारध्याने टांगून ठेवावयाची. पोपट तीवर बसला की त्याच्या भाराने नळी फिरते आणि तो उलटा लोंबकळू लागतो. पडण्याच्या भयाने तो नळी अधिकच घट्ट धरतो. त्याला कोणी बांधलेले नसते, पंख मोकळे असतात, तरी आपण अडकलो असे समजून तो पकडला जातो. ज्ञानेश्वरांना या दृष्टान्तातून जीवाचे स्वनिर्मित बंधन दाखवावयाचे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यातून आणखी एक माहिती मिळते : तेराव्या शतकातील मराठी श्रोत्याला पोपट पकडण्याची ही रीत स्पष्टीकरणाशिवाय समजण्याइतकी परिचित असावी.

लोकपरंपरेत या पक्ष्याला याहून जिव्हाळ्याचे स्थान मिळाले. जात्यावरील ओव्यांत मुलाला 'राघू' आणि मुलीला 'मैना' म्हणण्याची रीत सर्वत्र आढळते. पुढे राजकीय पारतंत्र्याच्या काळात हीच प्रतिमा वेगळ्या अर्थाने वापरली गेली. वि. दा. सावरकरांनी १९०९ मध्ये ब्रायटन येथे रचलेल्या समुद्राला उद्देशून असलेल्या कवितेत पिंजऱ्यातील शुकाची उपमा येते. लाडका पुत्र आणि बंदिवान या दोन्ही अर्थच्छटा मराठी भाषेने एकाच पक्ष्यात साठविल्या आहेत.

पालनाची लोकरीत :
पारंपरिक पालनात पिल्लू झाडाच्या ढोलीतून काढले जाई. पंख फुटण्यापूर्वीच माणसाच्या हातून घास घेणारे पिल्लू माणसालाच आपला थवा मानते, हे त्यामागील व्यवहारज्ञान होते. भिजविलेली हरभऱ्याची डाळ, पेरू, डाळिंब आणि हिरवी मिरची हा त्याचा नेहमीचा आहार असे. मिरची खाल्ल्याने पोपट चांगला बोलतो, अशी समजूत प्रचलित होती. मिरचीतील तिखट द्रव्याची जाणीव सस्तन प्राण्यांना होते तशी पक्ष्यांना होत नाही, हे आधुनिक शास्त्राने दाखवून दिले आहे. पोपट मिरची आवडीने खातो याचे कारण एवढेच आहे.

बोलणे शिकविण्याची रीत घोकंपट्टीची होती. तेच नाव, तोच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारावयाचा. यातूनच अर्थ न समजता केलेल्या बडबडीला 'पोपटपंची' हा शब्द रूढ झाला. पक्ष्याला काही कळत नाही, हा निर्णय भाषेने अशा रीतीने फार पूर्वीच देऊन टाकला होता. घरातल्या माणसांचा पक्ष्यावर जीव होता, यात शंका नाही. परंतु उंच उडणाऱ्या, थव्याने राहणाऱ्या या पक्ष्याला एकट्याने आयुष्य काढावे लागत होते, याकडे सहसा लक्ष दिले गेले नाही.

कायद्याची वाटचाल :
वन्य पक्ष्यांच्या संरक्षणासाठी ब्रिटिश राजवटीत १८८७ व १९१२ मध्ये कायदे झाले. त्यांचा भर मुख्यतः विणीच्या हंगामातील शिकारीवर होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा कायदा केला. पक्ष्याकडे पाहण्याची दृष्टीही या काळात बदलत होती. सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळील किहीम येथे सुगरण पक्ष्याच्या विणीचे निरीक्षण केले. पुढे १९६८ मध्ये पनवेल तालुक्यात कर्नाळा पक्षी अभयारण्य स्थापन झाले. पिंजऱ्याबाहेरचा पक्षी पाहण्यातही आनंद आहे, हा विचार या जिल्ह्यात अशा प्रकारे रुजत गेला.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला. तथापि त्यानंतरही काही वर्षे भारतातून जिवंत पक्ष्यांची मोठ्या प्रमाणावर निर्यात होत होती. लंडनच्या उद्यानांत आज स्वैर राहणारे कंठवाले पोपट हे अशा आयात केलेल्या पक्ष्यांचेच वंशज होत. १९९० व १९९१ मधील निर्णयांनी देशी वन्य पक्ष्यांचा व्यापार बंद झाला आणि राघू पकडणे, विकणे व पाळणे हे कायद्याने गुन्हा ठरले. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही हे संरक्षण कायम आहे. तरीही चोरटी विक्री पूर्णपणे थांबलेली नाही. ओटीवरचा राघूचा पिंजरा बेकायदेशीर आहे, याची जाणीव अनेक घरांत फार उशिरा झाली.

या अधिनियमाच्या अनुसूचींत त्या वेळी प्रामुख्याने देशी प्रजाती होत्या. परदेशी पक्षी त्या कक्षेबाहेर राहिले. पोपट पाळण्याची हौस कायम होती. राघूची जागा घेण्यास विदेशी पोपटांना त्यामुळे वाव मिळाला. त्यांपैकी सर्वांत बुद्धिमान समजला जाणारा पक्षी म्हणजे करडा पोपट होय.

करड्या पोपटाचा प्रवास :
करडा पोपट हा विषुववृत्तीय आफ्रिकेतील वर्षावनांचा रहिवासी आहे. लिनियसने १७५८ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. सुमारे ३३ सेंटिमीटर लांबी, राखी पिसारा आणि लालभडक शेपूट ही त्याची ओळख. तेलताडाची फळे हे त्याचे आवडते खाद्य आहे. पंधराव्या शतकात पोर्तुगीज नाविक पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचले आणि तेथून हा पक्षी युरोपातील श्रीमंतांच्या घरी जाऊ लागला.

विसाव्या शतकात या व्यापाराला प्रचंड वेग आला. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढील सुमारे चार दशकांत बारा लाखांहून अधिक करडे पोपट अधिकृतपणे आंतरराष्ट्रीय व्यापारात आले. चोरटी वाहतूक आणि वाटेत दगावलेले पक्षी यांची गणना यात नाही. घानामध्ये १९९२ नंतर या पक्ष्यांची संख्या ९० ते ९९ टक्क्यांनी घटल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. व्यापाराबरोबरच जंगलतोडही या घटीस कारणीभूत आहे.

त्याला पकडण्याची रीत येथे विशेष उल्लेखनीय आहे. झाडावर चिकट द्रव्य लावलेल्या काड्या रोवतात आणि जवळच एक बंदिस्त पोपट ठेवतात. आपल्या जातभाईची हाक ऐकून थवा उतरतो आणि काड्यांना चिकटतो. शुकनलिकेत पोपटाचे भय त्याला अडकविते, तर येथे त्याची सोबतीची ओढ त्याला अडकविते.

लळ्याचे शास्त्र :
ही सोबतीची ओढच माणसाला या पक्ष्याविषयी लळा लावते. करडे पोपट जोडीने राहतात आणि रात्री मोठ्या थव्याने एकत्र मुक्काम करतात. पाळलेला पोपट घरातील एखाद्या व्यक्तीला जोडीदार मानू लागतो. तिच्याच खांद्यावर बसतो, तिचाच आवाज काढतो, इतरांना चोच मारतो. घरच्यांना हे प्रेम वाटते आणि ते प्रेम असतेही. परंतु हा जोडीदार सकाळी कामावर निघून जातो, याचा अर्थ त्या पक्ष्याला लागत नाही. दीर्घ एकटेपणा, कंटाळा किंवा आजार यांमुळे अनेक करडे पोपट स्वतःची पिसे उपटून काढतात.

अमेरिकेतील संशोधिका आयरिन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानातून एक करडा पोपट घेतला आणि त्याचे नाव ॲलेक्स ठेवले. २००७ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी तो मरण पावला. तोपर्यंत शंभराहून अधिक शब्द, रंग, आकार आणि लहान संख्या यांचा सार्थ उपयोग तो करीत होता. त्याच्या शिक्षणाची पद्धत घोकंपट्टीची नव्हती. दोन माणसे त्याच्यासमोर एकमेकांस प्रश्न विचारीत, बरोबर उत्तराला ती वस्तूच बक्षीस मिळे आणि हा संवाद पाहून तो त्यात भाग घेई. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर करड्या पोपटांनी स्वतःला काहीही लाभ नसताना शेजारच्या पोपटाला खाद्य मिळावे म्हणून आपल्याकडील टोकन दिल्याचे दिसून आले. 'पोपटपंची' या शब्दात गृहीत धरलेले अज्ञान या पक्ष्याला लागू पडत नाही, असा याचा अर्थ होतो.

संगोपनाचे नियमही या स्वभावातूनच ठरतात. केवळ सूर्यफुलाच्या बियांवर वाढविलेल्या करड्या पोपटात कॅल्शियम व 'अ' जीवनसत्त्वाची उणीव निर्माण होते. म्हणून पालेभाज्या, गाजर, फळे, कडधान्ये आणि कोवळे ऊन आवश्यक आहे. चॉकलेट आणि ॲव्होकॅडो त्याला विषारी ठरतात. अतितप्त नॉनस्टिक भांड्यातून निघणारा वायू प्राणघातक असतो. त्याला रोज दहा ते बारा तासांची शांत झोप, पिंजऱ्याबाहेर वावर, कुरतडण्यास लाकूड आणि माणसांचा सहवास लागतो. बंदिवासात त्याचे आयुष्य चाळीस ते साठ वर्षांपर्यंत असू शकते. चाळिशीत आणलेला पक्षी मालकाच्या पश्चात मुलांच्या किंवा नातवंडांच्या वाट्याला येतो.

नवी बंधने, नवी जबाबदारी :
२०१६ मध्ये करड्या पोपटाची नोंद संकटग्रस्त प्रजातींत झाली. त्याच वर्षी जोहान्सबर्ग येथील सायटीस परिषदेने त्याला परिशिष्ट एकमध्ये घेतले आणि जानेवारी २०१७ पासून रानातून पकडलेल्या पक्ष्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. भारतात जून २०२० मध्ये केंद्र शासनाने विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांसाठी स्वेच्छा घोषणेची योजना जाहीर केली. २०२२ च्या दुरुस्तीने सायटीसमधील प्रजाती प्रथमच वन्यजीव अधिनियमाच्या कक्षेत आल्या आणि फेब्रुवारी २०२४ मधील नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी 'परिवेश' या संकेतस्थळावर सक्तीची केली. जन्म, मृत्यू आणि हस्तांतरण यांचीही नोंद आवश्यक ठरली. एके काळी केवळ घरगुती हौस समजली जाणारी गोष्ट अशा रीतीने सार्वजनिक उत्तरदायित्वाचा विषय बनली.

निष्कर्ष :
१. मराठी परंपरेत पोपट हा लाडका आणि बंदिवान अशा दोन्ही रूपांत एकाच वेळी वावरत आला आहे.
२. देशी पोपटाला कायद्याचे संरक्षण मिळाले, तरी पिंजऱ्याची हौस संपली नाही. तिचा भार काही अंशी आफ्रिकेतील पक्ष्यावर पडला.
३. करड्या पोपटाविषयी माणसाला वाटणारी ओढ ज्या गुणांमुळे निर्माण होते, त्याच गुणांमुळे एकाकी बंदिवास त्याला असह्य होतो.
४. आज घरात असलेल्या करड्या पोपटाला रानात सोडणे हा उपाय नाही. येथील रान त्याचे नव्हे. नोंदणी, योग्य आहार, दैनंदिन सहवास आणि मालकाच्या पश्चात त्याची व्यवस्था ही पालकाची किमान कर्तव्ये ठरतात.

शुकनलिकेच्या दृष्टान्तात नळी घट्ट धरून ठेवणारा पोपट असतो. पोपटपालनाचा इतिहास पाहता नळी माणसानेही धरलेली दिसते. घरात पक्षी असला तरच त्याच्याशी नाते जुळते, ही त्याची समजूत आहे. कासूसारख्या गावांच्या भातशेतांवर आजही राघू उतरतात. त्यांना पाहणे, ओळखणे आणि मुलांना दाखविणे यासाठी पिंजरा लागत नाही. ज्यांच्या घरी करडा पोपट आधीच आला आहे, त्यांनी मात्र त्याला आयुष्यभर सांभाळणेच योग्य होय.