खाजणावरून येणारा आवाज
वसईत कोणाकडे रेडिओ बसवायचा असला की वडील आधी विहीर बघत. छपरावर तार कोणीही ताणेल, खरं कसब ‘अर्थ’, म्हणजे जमिनीशी जोडणी, पुरण्यात! विहिरीच्या सांडपाण्यानं कायम ओल्या जागी तांब्याचा पत्रा, भोवती कोळसा आणि नायगावच्या मिठागरातलं जाडं मीठ.

मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ला सुरू झालं. पुढे आकाशवाणीचे मनोरे मालाडच्या मालवणीत आले. तिथली ५५८ किलोहर्ट्झची लहर सुमारे ५३७ मीटर लांब; तिच्यासाठी उभा मनोरा म्हणजे अर्धाच ॲन्टेना, उरलेलं काम जमीन करते. म्हणून त्याच्या बुडाशीही चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरतात. त्या अपुऱ्या पडल्या तर शक्ती मातीतच जिरते, हे अमेरिकेत ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन यांनी १९३७ साली मोजून दाखवलं. समुद्राचं पाणी कोरड्या कातळाच्या हजारपटीहून जास्त वीजवाहक. मालवणी ते वसई वाटेत मनोरी, गोराई, भाईंदरची खाजणं, खाडी. लहरीला याहून चांगला रस्ता कोणता?

तुंगारेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याशी मात्र अर्थसाठी खणताना पहार कातळावर खणकन वाजायची. अर्थ नीट लागत नसे, आवाज क्षीण येई; गिऱ्हाईक दोष द्यायचं ते रेडिओच्या व्हॉल्व्हला.