सॅम्नियम

सॅम्नियम : सॅम्नाइट लोकांची प्राचीन मायभूमी. दक्षिण-मध्य इटलीत अ‍ॅपेनाइन पर्वतरांगेत ती वसली होती. आजचा मोलिसे, आब्रुत्सोचा दक्षिण भाग आणि बेनेव्हेन्तो-आव्हेल्लिनोकडील डोंगराळ मुलूख तिच्यात मोडे. मध्यभागी मातेझे हा चुनखडीचा डोंगर असून त्याचे मिलेत्तो शिखर २,०५० मी. उंच आहे. पेंत्री, कारासेनी, काउदिनी व हिर्पिनी या येथील चार टोळ्या, भाषा ऑस्कन.

सपाट शेतजमीन थोडी, म्हणून मेंढपाळीवर मोठी भिस्त. मोठी शहरे नव्हती. लोक विखुरलेल्या वाड्यांत राहत आणि संकटकाळी डोंगरमाथ्यावरच्या, चुन्याशिवाय रचलेल्या प्रचंड दगडांच्या तटांआड जात. अशा मुलखाशी रोमला तीन युद्धे करावी लागली (इ. स. पू. ३४३–२९०). इ. स. पू. ३२१ मध्ये काउदियमच्या खिंडीत सॅम्नाइट सेनापती गायस पाँटियसने रोमन सैन्याची पुरती कोंडी केली आणि सैनिकांना भाल्यांच्या जोखडाखालून वाकून जायला लावले. पुढे सेंटिनमच्या लढाईने (इ. स. पू. २९५) पारडे रोमकडे झुकले.

या युद्धांची हकीकत प्रामुख्याने रोमन बाजूनेच लिहिली गेली आहे. त्यामुळे तीत सॅम्नाइट रांगडे डोंगरी लढवय्ये एवढेच दिसतात. हे चित्र अपुरे आहे, आणि त्याचा पुरावा प्येत्राबोंदान्ते येथे उभा आहे. सुमारे हजार मीटर उंचीवरच्या तिथल्या देवस्थानात मंदिरालगत नाट्यगृह आहे. पुढच्या रांगांतील दगडी आसनांना पाठीच्या बाकानुसार वळवलेल्या पाठी आहेत, तर रांगांच्या टोकांना ग्रिफिनचे पंजे कोरले आहेत.

इ. स. पू. ९१ मध्ये इटलीतील रोमच्या मित्रजमातींनी रोमन नागरिकत्वासाठी बंड केले, तेव्हा सॅम्नाइट आघाडीवर होते. बंडखोरांच्या एका नाण्यावर लांडग्याला, म्हणजे रोमला, शिंगांनी भोसकणारा बैल आहे. इ. स. पू. ८२ मध्ये रोमच्या कोलाइन वेशीबाहेर रोमन सेनापती सुल्लाने सॅम्नाइटांचा पराभव केला. हजारो कैद्यांची कत्तल झाली. सम्राट ऑगस्टसने केलेल्या इटलीच्या विभागणीत सॅम्नियम चौथ्या विभागात गेले. हिर्पिनींचा मुलूख मात्र दुसऱ्या विभागाला जोडला गेला.

सत्ता बदलली तरी मेंढरांचे रस्ते चालू राहिले. सेपिनम नगराचा मुख्य रस्ता हाच त्यांचा माग होता. तिथल्या बोव्हियानमकडील वेशीवर इ. स. दुसऱ्या शतकातील शिलालेख आहे: स्थानिक अधिकारी मेंढपाळांना पळालेले गुलाम ठरवून अडवतात, मेंढरे चोरीची म्हणतात, अशी ती तक्रार असून अधिकाऱ्यांना दिलेली ताकीदही त्यात कोरलेली आहे.