प्रवाशांच्या वाटा आणि पाटणचा शिलालेख

प्रवासवर्णनाकडे सामान्यतः पाहिलेल्या स्थळाचे चित्र म्हणून बघितले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यात स्थळाच्या आधी दोन गोष्टी दिसतात. पहिली, प्रवासी ज्या वाटेने गेला ती वाट. दुसरी, त्याला अवगत असलेल्या भाषा. वाटेवर नसलेले गाव त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते आणि वाटेवर असलेल्या गावानेही स्वतःविषयी लिहून ठेवलेले त्याला वाचता आले नाही, तर ते गाव त्याच्यापुरते मुकेच राहते. म्हणून एखाद्या प्रदेशाविषयी परदेशी प्रवाशांनी मौन पाळले असेल, तर तेवढ्यावरून तो प्रदेश दुर्लक्षणीय होता असे अनुमान काढणे धोक्याचे ठरते. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे या स्थळाचा इतिहास हे या विधानाचे उत्तम प्रत्यंतर होय.

पाटणे हे चाळीसगावच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरांवर, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी वसले आहे. आज ते चंडिकादेवीच्या, म्हणजेच पाटणादेवीच्या स्थानामुळे सर्वपरिचित आहे. तेथील महादेवाच्या मंदिरात शके १०७५ चा, म्हणजे इ. स. ११५३ चा निकुंभवंशीय राजांचा लेख आहे. याच डोंगरात वरच्या बाजूस, कन्नड तालुक्याच्या हद्दीत, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. खानदेशचे मैदान आणि गोदावरीचे खोरे यांना जोडणाऱ्या वाटा याच रांगेतून चढतात. तेव्हा प्रवाशांची वर्दळ हा या परिसराचा मूळचाच स्वभाव होता, असे मानावयास हरकत नाही.

त्या वर्दळीचा सर्वांत जुना पुरावा पितळखोऱ्यातच आढळतो. तेथील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, मितदेव नावाचा गांधिक, अर्थात सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आणि त्याचे कुटुंब. पैठणच्याच संघकाचे पुत्र. मगिल नावाचा राजवैद्य. आणि यक्षाच्या मूर्तीवर स्वतःचे नाव कोरून ठेवणारा कण्हदास सुवर्णकार, अशी ही मंडळी होती. त्यांपैकी कोणीही प्रवासाचे वर्णन केलेले नाही. वाट कशी होती, डोंगर कसा दिसला, याविषयी एक अक्षर नाही. गावाचे नाव, धंदा आणि दान एवढीच त्यांची नोंद आहे. तथापि, पैठणच्या व्यापाऱ्याने एवढ्या लांबच्या खोऱ्यात खांब कोरवून घ्यावा, यातून त्या वाटेचे महत्त्व जेवढे कळते, तेवढे एखाद्या विस्तृत वर्णनातूनही कळले नसते.

इ. स. सातव्या शतकात, पुलकेशी दुसरा याच्या कारकीर्दीत, ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू महाराष्ट्रात आला. येथील लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्यावाचून राहत नाहीत, हे त्याचे निरीक्षण प्रसिद्धच आहे. राज्याच्या पूर्व सीमेवरील डोंगरात एका अर्हताने उभारलेल्या भव्य संघारामाचेही वर्णन त्याने केले आहे. त्या अर्हताचे त्याने दिलेले नाव ‘अचल’ या नावाशी जुळते, आणि अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील लेखातही स्थविर अचलाचा उल्लेख आहे. येथे प्रवाशाचा शब्द आणि स्थळाचा स्वतःचा लेख एकमेकांस येऊन मिळतात. असा योग दुर्मिळ असतो. पाटणच्या वाट्यास तो आला नाही.

पाटणने स्वतःविषयी लिहून ठेवले ते इ. स. १२०७ च्या सुमारास. देवगिरीचा यादव राजा सिंघण याचा मांडलिक सोइदेव निकुंभ याने तेथील एका मठास दिलेल्या दानाचा हा लेख असून त्यात शके ११२८ ही मिती दिलेली आहे. हा मठ सिंघणाच्या दरबारातील ज्योतिषी चांगदेव याने स्थापिला, आणि त्याचा हेतू लेखात स्पष्टपणे नोंदविला आहे : भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि त्यांच्या कुळातील विद्वानांचे अन्य ग्रंथ तेथे नियमाने शिकविले जावेत. लेखात शांडिल्यगोत्री घराण्याची वंशावळ आहे. त्रिविक्रम, त्याचा पुत्र भास्करभट्ट, पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग ग्रंथकार भास्कराचार्य, त्यांचा पुत्र लक्ष्मीधर आणि लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव. लक्ष्मीधरास यादवराजा जैत्रपाल याने ‘या नगरातून’ नेऊन पंडितांचा अग्रणी केले, असेही लेख सांगतो. भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथात स्वतःचे गोत्र शांडिल्य आणि पित्याचे नाव महेश्वर असेच सांगितले असल्याने हा कुलवृत्तान्त त्यांचाच आहे, याविषयी शंका उरत नाही.

भाषेच्या अभ्यासकास या लेखाचा अखेरचा भाग विशेष मोलाचा वाटतो. वंशप्रशस्ती आणि दानाचा हेतू संस्कृतात आहे. परंतु मठास नेमके काय आणि कोणाकडून मिळावयाचे, ही बाब येताच लेखाची भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. ‘केणें’, म्हणजे विकावयाचा माल, त्यावर ग्राहकाकडून ‘राउळा’स, म्हणजे सरकारात, जमा होणारा हिस्सा मठास दिला आहे. ग्राहकाकडून घ्यावयाची पाच पोफळे, बैलांवरून येणाऱ्या मालावरील आकार, चालत्या घाण्यामागे पळी-पळी तेल, अशा बारीकसारीक बाबी तीत नमूद आहेत. येथे जे मोजावयाचे ते मठाच्या मापाने मोजावे आणि मापाईचा अर्धा भाग मठास, अर्धा मापाऱ्यास मिळावा, अशीही व्यवस्था आहे. ‘पाटणीं’, ‘मढा’, ‘दीन्हला’ ही रूपे प्राचीन मराठीच्या विभक्तिप्रत्ययांचे आणि भूतकालवाचक कृदन्तांचे ठळक नमुने होत. ‘दीन्हला’ या रूपाशेजारी आजच्या अहिराणीतील ‘दिन्हा’ हे रूप ठेवून पाहण्याचा मोह होतो. पण एका रूपाच्या साम्यावरून भाषेची वंशपरंपरा ठरविता येत नाही, हे ध्यानात ठेवणे इष्ट होय.

भाषेच्या या पालटामागील कारण उघड आहे. प्रशस्ती विद्वानांसाठी होती; कराची यादी तेल्याला, मापाऱ्याला आणि बाजारात येणाऱ्या व्यापाऱ्याला समजणे आवश्यक होते. यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. ज्या मठात ग्रहगणिताचे पाठ चालत, त्याचा चरितार्थ बैलांवर माल लादून येणाऱ्या लोकांच्या देवघेवीवर चालत असे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनाचा खर्च अशा रीतीने काही अंशी वाटेवरच्या प्रवाशांनीच सोसला. त्या व्यापाऱ्यांनी पाटणविषयी काही लिहून ठेवले नसेल. पण पाटणने त्यांच्याविषयी लिहून ठेवले.

चौदाव्या शतकाच्या प्रारंभी यादवसत्ता संपुष्टात आली. पुढे इ. स. १४०० च्या सुमारास फारुकी राजांनी तापीकाठी बऱ्हाणपूर वसविले आणि खानदेशच्या राजकारणाचे व व्यापाराचे केंद्र उत्तरेकडे सरकले. मोगल काळात सुरत बंदर भरभराटीस आल्यावर सुरत-बऱ्हाणपूर-आग्रा हा राजमार्ग परदेशी प्रवाशांचा नित्याचा मार्ग झाला. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली याच वाटेने बऱ्हाणपुरास पोहोचला. मातीच्या भिंतींची गावे आणि मुक्कामास योग्य अशा घरांचा अभाव, ही त्याच्या मनावर उमटलेली खानदेशची प्रतिमा होय. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याची दृष्टी व्यापाऱ्याची होती. नवापूरच्या बारीक दाण्याच्या तांदळास कस्तुरीसारखा सुवास येतो, हे त्याने टिपले. बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जाते, हेही नोंदविले. तेव्हेनो हा फ्रेंच प्रवासी १६६६ साली सुरतेस उतरला आणि पुढे औरंगाबादेकडे जाऊन त्याने वेरूळच्या लेण्यांचे वर्णन लिहिले. या तिघांच्याही लेखनात पाटण नाही. त्यात त्यांचा दोष नाही. वाट दुसरीकडून गेली होती, आणि आडवाटेला वळून शिलालेख वाचण्याचे त्यांना काही प्रयोजन नव्हते.

परंतु याच कालखंडात एक असा प्रवासी खानदेशात आला की त्याला हे प्रयोजन इतर कोणाहीपेक्षा अधिक होते. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ साली ‘लीलावती’चे फार्सी भाषांतर केले होते. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या, तिच्या विवाहमुहूर्तासाठी मांडलेले घटिकापात्र आणि त्यात अडकलेला मोती, ही सर्वश्रुत आख्यायिका त्याच्याच प्रस्तावनेत येते. त्याच प्रस्तावनेत ग्रंथकर्त्याचे मूळ गाव दक्षिणेतील बिदर असे दिले आहे. भाषांतरानंतर चारच वर्षांनी, १५९१ साली, अकबराने फैजीस वकील म्हणून प्रथम खानदेशचा सुलतान राजा अली खान याच्याकडे बऱ्हाणपुरास आणि नंतर बुऱ्हाण निजामशहाकडे अहमदनगरास पाठविले. या कामगिरीतून त्याने बादशहास पाठविलेली पत्रे उपलब्ध असून, दक्षिणेतील राजकारण, तेथील फार्सी कवी आणि इराणकडील बातम्या हे त्यांतील प्रमुख विषय आहेत. बऱ्हाणपुराहून अहमदनगरास जाणाऱ्याला तापीचे खोरे सोडून ज्या डोंगररांगेपलीकडे जावे लागते, तिच्याच पायथ्याशी ‘लीलावती’काराचे कुलवृत्त दगडावर कोरलेले होते. भाषांतरकार ग्रंथकाराच्या घराण्याच्या प्रदेशात आला होता. पण त्याच्या माहितीप्रमाणे ते घर बिदरला होते. वाट आणि वाचन यांची चुकामूक याहून स्पष्टपणे क्वचितच दाखविता येईल.

पाटणला प्रवासी आले नाहीत, पण तेथे शिकविल्या जाणाऱ्या ग्रंथांनी मात्र प्रवास चालू ठेवला. १६३४-३५ मध्ये अताउल्ला रशीदी याने ‘बीजगणिता’चे फार्सी भाषांतर केले; त्या फार्सीवरून एडवर्ड स्ट्रेची याचे इंग्रजी भाषांतर १८१३ साली निघाले. १८१६ साली जॉन टेलर याचे ‘लीलावती’चे भाषांतर मुंबईस छापले गेले आणि १८१७ साली कोलब्रुकचे संस्कृतावरून केलेले प्रसिद्ध भाषांतर लंडनमध्ये प्रकाशित झाले. अशा रीतीने युरोपातील गणिती भास्कराचार्यांची समीकरणे अभ्यासू लागले, तेव्हाही त्यांच्या वंशजांचा मठ कोठे होता हे त्यांना ठाऊक नव्हते.

हा दुवा जुळविला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. पाटणच्या देवीमंदिरातील हा लेख त्यांनी शोधून काढला आणि प्राचीन भारतीय ज्योतिषांच्या कालनिर्णयावरील आपल्या निबंधात, १८६५ साली, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यास प्रसिद्धी दिली. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच चाळीसगावावरून गेला होता, म्हणजे वाट पुन्हा एकदा पाटणच्या जवळ आली होती. पुढे कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात या लेखाचे चिकित्सक संपादन केले. चाळीसगाव तालुक्यातीलच बहाळ येथे सापडलेला शके ११४४ चा लेखही याच कुळाचा आहे. भास्कराचार्यांचा बंधू श्रीपती याचा नातू आणि सिंघणाचा ज्योतिषी अनंतदेव याने तेथे देवीचे मंदिर बांधविल्याचे त्यावरून कळते.

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे अगत्याचे आहे. भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने असलेले ‘विज्जडविड’ असे सांगितले आहे. पाटण हेच विज्जडविड, असे शिलालेख कोठेही म्हणत नाही. लक्ष्मीधर पाटणात होता, चांगदेवाचा मठ पाटणात होता आणि घराण्याची दुसरी शाखा बहाळात होती, एवढेच लेखांवरून सिद्ध होते. बिदर सह्याद्रीच्या जवळ नसल्याने फैजीचे विधान मागे पडते. परंतु त्याच्या जागी पाटणचे नाव निश्चयाने घालणे हेही पुराव्याच्या पलीकडे जाणे होईल. स्थलाभिमानाने हा प्रश्न सुटणारा नाही. लेखाने जेवढे सांगितले आहे तेवढेच पाटणचे स्थान इतिहासात उंच करण्यास पुरेसे आहे.

आज पाटणादेवीचा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कक्षेत येतो. देवीच्या यात्रेला जाणारे भाविक, पावसाळ्यात डोंगर आणि धबधबे पाहावयास येणारे हौशी प्रवासी यांची तेथे रहदारी असते. त्यांच्या मनावर उमटणारी छाप खरीच असते, जशी रोच्या मनावर उमटलेली मातीच्या भिंतींची छाप खरी होती. पण स्थळाचे म्हणणे त्याहून निराळे असू शकते, आणि ते ऐकण्यासाठी लिपी व जुनी भाषा यांचे ज्ञान लागते. प्रवासवर्णनांचा साधन म्हणून उपयोग करणाऱ्या संशोधकाने प्रत्येक वर्णनाला दोन प्रश्न विचारावेत : हा प्रवासी कोणत्या वाटेने आला, आणि वाटेवरचे कोणते लेखन त्याला वाचता येत नव्हते? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, म्हणजे प्रवाशाच्या शब्दाला योग्य ते मोल देता येते आणि त्याच्या मौनाला भलते मोल दिले जात नाही. पाटणच्या लेखातील तेल्याची पळी आणि ग्राहकाची पाच पोफळे कोणत्याही परदेशी प्रवाशाने पाहिली नाहीत. परंतु एका विद्यापीठाचा योगक्षेम त्यांवर चालत होता, हे मराठीतील त्या थोड्या ओळींनी आठशे वर्षे सांभाळून ठेवले आहे.