रेस उतरत का नाही? कार्बोरेटरच्या एका स्लाइडचा इतिहास

ज्यांच्या घरात जुनी आरएक्स हंड्रेड किंवा कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट आहे, त्यांना आजचा विषय वेगळा सांगायची गरज नाही. सिग्नल लाल आहे, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलाय, आणि गाडी मात्र स्वतःच्या मनाने रेस होतेय. आजूबाजूचे बघतात, त्यांना वाटतं तुम्ही मुद्दाम भाव खाताय. मग गॅरेज. तिथे स्क्रू ड्रायव्हर लागतो, आयडलिंगचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर येतो, गाडी शांत. आणि चार दिवसांनी पुन्हा तेच!

माझं म्हणणं असं की त्या स्क्रूचा बहुतेक वेळा काही दोष नसतो. दोष असतो हवेचा, जी नको तिथून आत शिरते. आणि ती कुठून शिरते हे समजायला थोडा इतिहास बघावा लागतो.

अगदी मुळापासून, पण पटकन. डायमलर आणि मायबाख यांनी १८८५ मध्ये लाकडी सांगाड्याची दुचाकी बनवली, तेव्हा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा फिरवायची आणि तिच्यात वाफ मिसळली की ती इंजिनाला द्यायची, एवढीच सोय होती. १८९३ च्या सुमारास मायबाखने जर्मनीत आणि बांकी व चोंका या जोडीने हंगेरीत बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडवायची कल्पना आणली. ते छिद्र म्हणजे जेट. आपल्या गाडीतलं कार्बोरेटर त्याच घराण्यातलं.

मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये हवेच्या वाटेत एक डबीसारखा तुकडा वर-खाली सरकतो. ती स्लाइड. ॲक्सिलरेटर पिळला की केबल तिला वर ओढते, सोडला की स्प्रिंग खाली ढकलते. पण ती पूर्ण बंद कधीच होत नाही. आयडलिंगचा स्क्रू तिला किंचित उचलून धरतो, त्या फटीतून थोडी हवा जाते, आणि पायलट जेट नावाचं सुईच्या टोकाएवढं छिद्र तिला पेट्रोलचा घोट देतं. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. बंद वाट सोडून दुसरीकडून हवा मिळाली, तर त्याच्या दृष्टीने तुम्ही ॲक्सिलरेटर थोडा दिलेलाच आहे.

आता बर्मिंगहॅमला जाऊ. १९२७ मध्ये तिथे अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स हे तीन कार्बोरेटरवाले एकत्र आले आणि अमाल हे नाव जन्माला आलं. पुढची कित्येक वर्षं ब्रिटिश मोटरसायकल म्हटली की अमाल, हे ठरलेलंच. पन्नासच्या दशकात त्यांचं मोनोब्लॉक आलं. त्यात आधी बाजूला लटकणारी फ्लोटची वाटी मुख्य भागातच ओतलेली होती. १९६७ मध्ये आलं कॉन्सेंट्रिक. यात वाटी थेट जेटच्या खाली, त्याच्याभोवती. वळणावर गाडी कलली तरी जेटपाशी पेट्रोलची पातळी फारशी हलत नाही. बनवायला स्वस्त, दिसायला सुटसुटीत. ट्रायम्फ बोनव्हिल, बीएसए, नॉर्टन कमांडो, सगळ्यांनी तेच घेतलं.

आणि इथेच आपल्या रोगाची कुंडली आहे. कॉन्सेंट्रिकचा मुख्य भाग जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला. आणि त्यात सरकणारी स्लाइड? तीही त्याच धातूची! एकसारखे दोन मऊ धातू एकमेकांवर घासले की दोघेही झिजतात. वरून इंजिन सतत थरथरतंय, म्हणजे बघायलाच नको. काही हजार मैल झाले की स्लाइड आपल्या घरात खडखडायला लागते. तिच्या कडेने हवा जाते, आयडलिंग कधी वर कधी खाली, आणि कधी कधी स्लाइड तिरकी होऊन वरच अडकते. बोनव्हिलला तर अशी दोन कार्बोरेटर. एक झिजलेलं, दुसरं कमी झिजलेलं, आणि दोघांचा सूर जुळवत बसलेला मालक.

दुसरी गोष्ट बसवण्याची. हे कार्बोरेटर दोन नटांवर इंजिनाला बसतं. हवा गळतेय असं वाटलं की माणूस काय करतो? नट आणखी आवळतो. पण धातू मऊ आहे, त्यामुळे बसायचा सपाट भाग धनुष्यासारखा वाकतो. मधली रबरी रिंग मग नीट दाबली जात नाही. म्हणजे गळती थांबवायला नट आवळला, आणि गळती वाढली. जास्तच आवळला तर आतली गोल वाटही चेपते आणि स्लाइड घट्ट होते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात चिड आणणारी वाटते. सुरुवातीला पायलट जेट सुटं निघायचं. पुढे बऱ्याच कॉन्सेंट्रिकमध्ये त्याच्या जागी एक बारीक नळी आतच कायमची ठोकून बसवली गेली, छिद्र जेमतेम ०.०१६ इंचाचं. गाडी महिनाभर उभी राहिली की पेट्रोल सुकून तिथे डिंकासारखा थर जमतो. जेट काढता येत नाही, त्यामुळे नुसतं धुऊन भागत नाही. ज्यांना माहीत होतं ते तेवढ्याच जाडीचं ड्रिल बिट हाताने फिरवून साफ करायचे. ज्यांना माहीत नव्हतं, म्हणजे बहुतेक सगळे, ते आयडलिंगचा स्क्रू आत फिरवायचे. स्लाइड वर उचलली जायची आणि गाडी मोठ्या जेटच्या पेट्रोलवर चालू राहायची. आता रेस उतरणार कशी? लक्षात घ्या, इथे दुखणं उपासमारीचं होतं आणि लक्षण मात्र जास्त खाण्याचं दिसत होतं.

ब्रिटिश मोटरसायकल उद्योग कार्बोरेटरमुळे बुडाला, असं मी म्हणणार नाही. कारखाने जुने, पैसा कमी, आणि १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० समोर उभी, ही मोठी कारणं. पण दर रविवारी कार्बोरेटर उघडून बसणाऱ्या ग्राहकाचा धीर यात नक्कीच खर्च झाला.

गंमत म्हणजे जपानच्या मिकुनीने परवाना घेतला होता तो अमालकडूनच. गोल स्लाइड, खाली वाटी, कल्पना तीच. त्यांनी घडण सुधारली. अनेक स्लाइडवर क्रोमचा मुलामा दिला, पायलट जेट सुटं ठेवलं. थंड इंजिनासाठी अमालमध्ये बटण दाबून वाटी ओसंडून वाहू द्यायची, हात पेट्रोलने ओले. मिकुनीने त्याऐवजी वेगळा छोटा मार्ग दिला. आपण ज्याला चोक म्हणतो तो आरएक्समध्ये हाच.

भारतात दोन्ही शाखा आल्या. १९५५ पासून मद्रासमध्ये बनू लागलेली बुलेट सुरुवातीला अमालवर चालायची, नंतर तिच्यावर मिकुनी पद्धतीचं मिककार्ब आलं. १९८५ मध्ये आलेल्या आरएक्स हंड्रेडवर मिकुनीच. म्हणजे पुण्यातली आरएक्स आणि कोल्हापुरातली बुलेट दोघींच्या कार्बोरेटरचं आजोळ बर्मिंगहॅम.

पण दोघींचं दुखणं सारखं मानू नका. बुलेट रेस झाली तर कान दुखतात. आरएक्स टू-स्ट्रोक आहे. तिथे जास्तीची हवा म्हणजे पेट्रोल कमी, पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये धरून बसतो. साठच्या वेगाला मागचं चाक अचानक लॉक! म्हणून टू-स्ट्रोकची वाढलेली रेस नुसता स्क्रू फिरवून लपवणं मला धोक्याचं वाटतं. हवा कार्बोरेटरच्या मागच्या रबरी जोडातून येत असेल, किंवा मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील कडक झालं असेल. हे दुसरं कारण कार्बोरेटर दहादा साफ केलं तरी सापडत नाही.

आता तुमच्या गाडीकडे. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना फिरवा. रेस बदलली तर केबल ताणलेली आहे, कार्बोरेटरला हात लावू नका. बदलली नाही, तर रबरी जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर चीर तिथेच. पेट्रोल मारून बघणारे मेकॅनिक आहेत, पण तापलेल्या इंजिनावर तो खेळ कशाला? एअर स्क्रू फिरवूनही इंजिनाला काहीच फरक पडत नसेल, तर पायलट जेट तुंबलंय किंवा स्लाइड मुळातच जास्त उचललेली आहे. आणि चोकचा दांडा खाली पूर्ण बसतोय का, हे बघायला विसरू नका. त्याच्या टोकाचं रबर झिजलं की बंद चोकही चालूच राहतो.

यात एक नवी भर पडली आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही इथेनॉल उसातून येतं, म्हणजे आपल्याच साखर कारखान्यांचाही त्यात वाटा आहे. या गाड्यांची रबरं या मिश्रणासाठी बनलेली नव्हती. इथेनॉल पाणी ओढतं, आणि उभ्या गाडीच्या वाटीत ते ओलं पेट्रोल जस्ताच्या धातूवर पांढरी बुरशी धरल्यासारखे डाग पाडतं. महिनाभर गाडी काढणार नसाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी करा. खालचा एक स्क्रू आहे फक्त, दोन मिनिटांचं काम.

एप्रिल २०२० मध्ये बीएस सिक्स आलं आणि नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळपास गेलं. तिकडे इंग्लंडमध्ये मात्र अमालच्या नावाने कॉन्सेंट्रिक अजून नवं बनतं. सुधारलेल्या प्रकारात स्लाइड कडक लेप दिलेल्या ॲल्युमिनियमची आहे, आणि पायलट जेट पुन्हा सुटं.

तुमच्या गाडीची रेस उतरत नसेल तर तीस सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. हँडल फिरवताना काय झालं तेही सांगा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकवू.